मदीं दवर

दिवाडीच्या फेरीवर रुझार दोर टाकतो, दोर सोडतो,
आणि मधल्या सात-आठ मिनिटांत
माझ्या स्कूटरच्या सीटवर पत्ते मांडतो.

एके काळी मांडवीतल्या कसिनो-बोटीवर
काळं जाकीट घालून वाटायचा.
मग उजवा हात थरथरू लागला.
लोकांना वाटलं, हा काहीतरी लपवतोय.
दोराला तसलं काही वाटत नाही.

मला म्हणाला, बाये, हातचलाखी सोड.
तुझा हात जड, माझा गेलेला.
आपल्याला असले खेळ हवेत
जे आपण नसलो तरी होतात.

एकवीस पत्ते. तीन रांगा, सात-सात.
समोरच्यानं एक मनात धरायचा
आणि नुसती रांग दाखवायची, पत्ता नाही.
ती रांग उचलायची, उरलेल्या दोघींच्या मधे घालायची,
स्कूटरवर पोराला बसवतात तशी.
"मदीं दवर," रुझार दर वेळी म्हणतो,
जणू मी पहिल्यांदाच ऐकतेय.
पुन्हा मांड. पुन्हा विचार. पुन्हा मदीं.
तीनदा झालं की दहा मोजून बाजूला टाक,
अकरावा उलट,
आणि तोंड असं कर
की तुलाही ठाऊक नव्हतं.

एकदा नदीच्या मध्यावर वारा आला.
किलवरची सत्ती उडाली,
थोडा वेळ पाण्यावर तरंगली, मग खारफुटीकडे निघाली.
रुझारनं टोपी काढली.
"एकवीसच लागतात," म्हणाला,
"राहिलेले तीस रजेवर."

मी तिसरीच्या मुलांना पाढे शिकवते.
सात त्रिक एकवीस म्हणताना
आता फळ्यावर बदामची राणी दिसते.
बांगडे तळताना गॅसशेजारी मांडायचे,
चौकटच्या पंजीला अजून तेलाचा वास आहे.
नवऱ्याला दाखवून झालं, शेजारणीला, गॅसवाल्याला.
गॅसवाला म्हणाला, परत करा.
परत केलं. परत आला.
मी काहीच केलं नव्हतं,
आणि तो माझ्या बोटांकडे बघत होता.

मग कुंकळ्ळीला, भाचीच्या सातव्या वाढदिवसाला,
फुगे बाजूला सारून फरशीवर बसले.
वीसेक माणसं. स्पृहानं पत्ता धरला,
ओठ घट्ट मिटले, निसटून जाईल म्हणून.
पहिली फेरी बरी गेली.
दुसऱ्या वेळी कुणीतरी माझ्यापुढे पॅटिसची थाळी धरली,
मी नको म्हटलं
आणि रांग वर ठेवली.
वर.
मला कळलंही नाही.

अकरावा उलटला, इस्पिकची नव्वी.
स्पृहानं पत्त्याकडे पाहिलं.
मग माझ्याकडे, जरा जास्तच वेळ.
"हाच!" म्हणाली.
टाळ्या झाल्या. आतेनं पोरीची दृष्ट काढली, माझी नाही.
रात्री भांडी आवरताना तिनं माझा पदर ओढून
कानात सांगितलं: चौकटची तिर्री होती,
पण तू कुणाला सांगू नकोस.

दुसऱ्या दिवशी फेरीवर मी हिशेब मांडला.
दुसऱ्यांदा वर गेली असेल,
तर तिचा पत्ता आठवा येतो, नाहीतर नववा.
रुझारनं बोटांवर मोजून पाहिलं,
थरथरत्या बोटांवर, दोनदा.
आठवा, नाहीतर नववा. बरोबर.
मग विचारलं,
"आनी ताणें तोंड कशें केलें?"

मी करून दाखवलं.
"न्हय."
पुन्हा केलं.
"न्हय, बाये. हें तुका येना. तिका हाड एक दीस."

काठ लागला. दोर पहिल्याच फेकीत खुंट्यावर बसला,
मागच्या रिक्षानं हॉर्न दिला,
आणि सीटवर अजून तीन रांगा मांडलेल्या,
मधली जरा तिरकी.